सोन्याच्या कणांनी पाणी तपासायला शिकताना: सोलापुरातल्या नवख्यांसाठी

लाल द्रावणात नमुन्याचे काही थेंब टाकले, द्रावण निळं झालं, म्हणजे पाण्यात जड धातू आहे. सोन्याच्या नॅनोकणांबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं ते एवढंच, आणि एम.एस्सी.चा प्रोजेक्ट किंवा विज्ञान प्रदर्शनाचा प्रयोग याच वाक्यावर उभा राहतो. वाक्य अर्धं खरं आहे. उरलेला अर्धा भाग सोलापुरात काम करणाऱ्याला आधी कळायला हवा, कारण आपल्या बोअरचं पाणी शिसं नसतानाही सोन्याचा रंग बदलू शकतं.

हा लेख दयानंद, संगमेश्वर किंवा विद्यापीठातल्या, या विषयाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे. बी.एस्सी.चं रसायनशास्त्र, स्वच्छ काचसामान आणि यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण कोणता प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) थोडा वेळ, एवढं असलं तरी काम सुरू होतं. उदाहरण म्हणून शिसं घेतलं आहे. लेड नायट्रेट प्रत्येक प्रयोगशाळेत असतं, आणि पाऱ्याच्या क्षारांपेक्षा शिकाऊ हातात ते कमी धोक्याचं. कमी धोक्याचं म्हणजे निर्धोक नव्हे. हातमोजे घालायचेच, आणि पिपेट तोंडाने ओढायची नाही.

रंग येतो कुठून

धातूचा कण काही नॅनोमीटरचा झाला की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका ठरावीक लयीत हेलकावतात आणि त्या लयीचा प्रकाश शोषून घेतात. १५ ते २० नॅनोमीटरचे सोन्याचे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश घेतात, म्हणून द्रावण लाल दिसतं. चांदीचे छोटे कण ४०० च्या आसपास शोषतात, ते पिवळे दिसतात. फॅरेडेने १८५७ मध्येच सांगितलं होतं की हा लाल रंग अतिशय बारीक विखुरलेल्या सोन्याचाच आहे.

कण एकमेकांपासून लांब असले तर रंग लाल. ते जवळ येऊन चिकटले की इलेक्ट्रॉनांची हालचाल एकमेकांत गुंतते, शोषण ६०० ते ७०० नॅनोमीटरकडे सरकतं आणि द्रावण जांभळं, मग निळं होतं. लांब ठेवतो तो कणांवरचा ऋणभार. सोनं बनवताना घातलेल्या सायट्रेट या क्षाराचा थर प्रत्येक कणाला ऋणभारित करतो आणि कण एकमेकांना ढकलत राहतात. शिशाचा आयन दोन कणांमध्ये पूल बांधतो तेव्हा हे ढकलणं हरतं. पण मिठाने, आम्लाने आणि कॅल्शियमनेही ते हरतं. पुढे हाच मुद्दा पुन्हा पुन्हा येणार आहे.

काचसामान आणि पाणी

पहिल्या प्रयत्नात राखाडी, गढूळ द्रावण आलं तर आधी रसायनांना दोष देऊ नका, फ्लास्क बघा. काचेवर आधीच्या धातूचा किंवा साबणाचा अंश उरला असेल तर कण तिथेच वाढतात. रीत अशी की फ्लास्क आणि चुंबकी कांडी आम्लराजाने धुवायची. तीव्र हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्ल ३:१ प्रमाणात, फ्यूम हूडमध्ये, गाइड शेजारी उभे असताना. हे मिश्रण झाकण लावून कधीही ठेवायचं नाही, त्यातून वायू निघत राहतात आणि बाटली फुटते. फ्यूम हूड नसेल तर आम्लराजाच्या फंदात पडू नका. नवा फ्लास्क घ्या, त्यावर ‘फक्त सोनं’ असं लिहा आणि दुसऱ्या कशालाही वापरू देऊ नका.

पाणी दोनदा ऊर्ध्वपातित किंवा त्याहून शुद्ध हवं. बॅटरीत घालायला मिळणारं पाणी या कामाला चालत नाही.

सोनं बनवणं

पद्धत टर्केविच या रसायनशास्त्रज्ञाची, १९५१ ची. फ्रेन्सने १९७३ मध्ये सायट्रेटचं प्रमाण बदलून कणांचा आकार कसा बदलता येतो ते दाखवलं. आजही सुरुवातीला हीच करावी.

गोल्ड क्लोराइड १ ग्रॅमच्या कुपीत येतं आणि हवेतला ओलावा झटकन ओढतं. पावसाळ्यात तर तराजूवर ठेवेपर्यंत ते पाघळतं. म्हणून थोडं थोडं वजन करत बसू नका. कुपीतलं सगळं १ ग्रॅम एकदाच १०० मिली पाण्यात विरघळवा. हा तुमचा १ टक्क्याचा स्टॉक, सुमारे २५ मिलिमोलर. तपकिरी बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. स्टीलचा चमचा याला लावायचा नाही, गोल्ड क्लोराइड स्टीलला खातं आणि सोनं तिथेच बसतं. काच किंवा प्लास्टिक वापरा.

फ्लास्कमध्ये ९९ मिली पाणी आणि १ मिली स्टॉक घ्या. ढवळत ढवळत चांगली उकळी आणा. कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे, पाणी खळखळलं पाहिजे. दुसरीकडे १ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट १०० मिली पाण्यात त्याच दिवशी विरघळवून ठेवा. त्यातलं २ मिली एका दमात उकळत्या द्रावणात घाला. थेंब थेंब नाही.

आता फ्लास्कवरून नजर काढू नका. फिकट पिवळा रंग आधी नाहीसा होतो. थोडा वेळ काहीच घडत नाही असं वाटतं. मग शाई कालवल्यासारखी काळसर निळी छटा येते, ती जांभळी होते, आणि काही मिनिटांत द्रावण माणकासारखं लाल होऊन स्थिरावतं. मधली काळी छटा पाहून घाबरून गॅस बंद करणारे बरेच असतात. तसं करू नका, तो प्रवासातला टप्पा आहे. लाल झाल्यावर आणखी १० ते १५ मिनिटं उकळू द्या, उडालेलं पाणी भरून काढा आणि ढवळतच गार करा. या प्रमाणात कण साधारण १६ नॅनोमीटरचे होतात. सायट्रेट निम्मं केलं तर ते ४० च्या आसपास जातात.

मग स्पेक्ट्रम घ्या, ४०० ते ८०० पर्यंत. ५२० जवळ एकच, नीट आवळलेला उंचवटा हवा आणि त्याची उंची साधारण १ च्या आसपास. ६५० चं वाचन भागिले ५२० चं वाचन हे गुणोत्तर वहीत लिहून ठेवा. चांगल्या द्रावणात ते ०.२ च्या खाली असतं. यापुढे तुमचं सगळं मोजमाप याच गुणोत्तरावर चालणार आहे, ‘निळसर वाटतं’ यावर नाही.

द्रावण तपकिरी बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. सोलापूरच्या मे महिन्यात टेबलावर ठेवलेलं द्रावण आणि फ्रिजमधलं द्रावण सारखं वागेल अशी अपेक्षा ठेवू नका. मात्र बर्फाच्या कप्प्यात चुकूनही नको. एकदा गोठलं की कण कायमचे चिकटतात.

चांदी स्वस्त पडते, म्हणून अनेकांना तिच्यापासून सुरुवात करावीशी वाटते. डाळिंबाची साल इथे मुबलक, तिच्या अर्कातून चांदीचे कण झटपट होतात आणि प्रदर्शनात छानही दिसतात. पण सेन्सरसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. दर वेळी साल वेगळी, अर्क वेगळा, कणांवरचा थर वेगळा. मग आजचा आलेख उद्या लागू पडत नाही. शिवाय नळाच्या पाण्यातला क्लोरीन चांदीचं ऑक्सिडीकरण करतो आणि पिवळा रंग आपोआप उडतो. चांदीचा रंग उडणं ही पाऱ्याची खूण म्हणून सांगितली जाते, आणि निर्जंतुक केलेलं साधं नळाचं पाणीही तेच करून दाखवतं.

आधी मीठ, मग कॅल्शियम, शिसं शेवटी

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्या कामात हीच सर्वांत मोलाची.

छोट्या नळ्यांमध्ये १ मिली सोनं, म्हणजे कणांचं लाल द्रावण, घ्या. १ मोलर मिठाचं द्रावण एकेका नळीत १०, २०, ४०, ६०, १०० मायक्रोलिटर घाला आणि पाण्याने सगळ्यांचं आकारमान सारखं करा. काही नळ्या लाल राहतील, पुढच्या जांभळ्या होतील, शेवटच्या निळ्या. मिठाला त्यासाठी दहा-दहा मिलिमोलरच्या पटीत जावं लागतं. आता हेच ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडने करा, ५ ते ४० मायक्रोलिटर. एक-दोन मिलिमोलरच्या आसपासच रंग बदलायला लागतो. आयनावर दोन भार असले की तो कणांचा ऋणभार किती जोरात मोडतो, ते पुस्तकात वाचण्यापेक्षा या दोन रांगा शेजारी ठेवून पाहा.

मग आपल्या पाण्याकडे वळा. सोलापूर जिल्हा काळ्या बेसाल्ट खडकावर बसला आहे आणि इथली अनेक बोअरं कठीण पाण्याची. हिटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तो याच कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला २०० मिग्रॅ असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. समजा तुमच्या बोअरचा ४०० आहे. म्हणजे ४ मिलिमोलर कॅल्शियम-मॅग्नेशियम. शिशाची मर्यादा त्याच मानकात लिटरला ०.०१ मिग्रॅ, म्हणजे सुमारे ४८ नॅनोमोलर. भागाकार करा: शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे ८० हजारांहून जास्त आयन. ते सगळे तुमच्या सोन्याच्या अंगावर येणार आहेत, आणि त्या गर्दीतला एक आयन तुम्हाला ओळखायचा आहे.

त्यामुळे बोअरचं पाणी सरळ सायट्रेटच्या सोन्यात ओतलं आणि ते निळं झालं, तर त्यातून शिशाबद्दल काहीही कळलेलं नसतं. पाणी कठीण आहे एवढंच कळलं, आणि ते ईडीटीएच्या (कॅल्शियमसारखे आयन बांधून ठेवणारं रसायन) अनुमापनातून निम्म्या खर्चातही कळलं असतं.

यावरचा उपाय म्हणजे योग्य ब्लँक, म्हणजे शिसं नसलेला तुलनेचा नमुना. शुद्ध पाण्याचा ब्लँक हवाच, पण तो पुरत नाही. नमुन्याचा कठीणपणा आधी ईडीटीएच्या अनुमापनाने, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगसूचक वापरून मोजा आणि तेवढ्याच कठीणपणाचं, पण शिसं नसलेलं पाणी स्वतः बनवा. ४०० च्या कठीणपणासाठी १ लिटर शुद्ध पाण्यात कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.३७ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.३७ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा ०.२५ ग्रॅम घाला. हा तुमचा खरा ब्लँक. नमुन्याने याच्यापेक्षा वेगळं काही केलं तरच पुढे बोलायचं.

ईडीटीए घालून कॅल्शियम बांधून टाकू, हा विचार प्रत्येकाच्या डोक्यात येतो. ईडीटीए कॅल्शियमपेक्षा शिशाला कितीतरी घट्ट धरतं. कॅल्शियम जायच्या आधी शिसंच जाईल.

कणांना शिशाची ओळख करून देणं

नुसतं सायट्रेट शिसं आणि कॅल्शियम यात फारसा फरक करत नाही. म्हणून कणांवर शिशाला अधिक पसंती देणारा रेणू बसवतात. सुरुवातीला ग्लुटाथिओन, हा गंधक असलेला छोटा पेप्टाइड, चांगलं. त्यातलं गंधक सोन्याला पक्कं धरतं, आणि बाहेरच्या बाजूला राहिलेले कार्बोक्सिल गट शिशाला पकडून शेजारच्या कणाशी जोडतात.

१० मिलिमोलर ग्लुटाथिओन ताजं बनवा, सोडियम हायड्रॉक्साइडच्या विरळ द्रावणाने सामू ८ च्या आसपास आणा आणि मगच सोन्यात घाला. आम्लधर्मी घातलं तर शिसं येण्याआधीच कण गोळा होतील. मात्रा दहा-वीस मायक्रोमोलरपासून हळूहळू वाढवत शोधा: कण मिठापुढे आधीपेक्षा जास्त टिकायला लागले की थर बसला. त्यापुढे ओतत राहू नका, कारण द्रावणात मोकळं उरलेलं ग्लुटाथिओन तुमचं शिसं मधल्यामध्ये धरून ठेवतं. दोन-तीन तास ठेवून सेंट्रिफ्यूजने धुऊन घेतलं तर उत्तम.

सामू स्थिर ठेवायला ट्रिस किंवा हेपीस बफर वापरा. फॉस्फेट नको, शिसं त्याच्याबरोबर साका होऊन खाली बसतं.

आता प्रमाणित आलेख. अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनसाठी (पाण्यातला धातू मोजण्याची यंत्रपद्धत) मिळणारं लिटरला १००० मिग्रॅचं शिशाचं द्रावण घेऊन ते विरळ करत जा. इथे एक खाच आहे. ती बाटली नायट्रिक आम्लात बनवलेली असते. कमी विरळ केलेल्या नळ्यांत आम्लही जास्त जातं आणि आम्ल सोन्याला निळं करतं. सुरेख सरळ रेष येते, पण ती शिशाची की आम्लाची? शिसं न घालता तेवढंच आम्ल घातलेली एक नळी प्रत्येक रांगेत ठेवा, म्हणजे उत्तर मिळेल.

किमान पाच तीव्रता, प्रत्येकी तीन नळ्या. नमुना घातल्यापासून वाचन घेईपर्यंतचा वेळ ठरवून टाका, समजा १० मिनिटं, आणि तो पाळा, कारण कण गोळा होणं थांबत नाही. दहा ब्लँकच्या वाचनांचं प्रमाण विचलन काढा, त्याची तिप्पट करा आणि आलेखाच्या चढाने भागा. ही तुमची शोधमर्यादा. ती बनवलेल्या कठीण पाण्यात काढायची, शुद्ध पाण्यात नव्हे. शुद्ध पाण्यातला आकडा दिसायला देखणा असतो आणि सोलापूरच्या एकाही विहिरीला लागू होत नाही.

हा आकडा मायक्रोमोलरमध्ये आला तर खचू नका. फक्त त्याचा अर्थ समजून घ्या. १ मायक्रोमोलर शिसं म्हणजे लिटरला ०.२ मिग्रॅ, पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वीसपट. अशा सेन्सरला बदल दिसला नाही म्हणून पाणी पिण्याजोगं ठरत नाही.

स्पेक्ट्रोफोटोमीटर मिळत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून लाल आणि निळ्याचं गुणोत्तर काढता येतं. आतून पांढऱ्या खोक्यात, एकाच दिव्याखाली, व्हाइट बॅलन्स लॉक करून फोटो घ्या. खिडकीच्या उजेडात नाही.

नमुने आणताना

शहराच्या नळाला उजनीचं, टाकळीवरून भीमेचं आणि हिप्परग्याचं असं वेगवेगळं पाणी येतं. त्यामुळे बाटलीवर नुसतं ‘नळ’ लिहून भागत नाही. भाग, तारीख, वेळ लिहा. प्लास्टिकची बाटली विरळ नायट्रिक आम्लाने आणि मग शुद्ध पाण्याने धुतलेली हवी. एकाच ठिकाणचे दोन नमुने घ्या. एकात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणा, तो अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनसाठी. दुसरा तसाच, तुमच्या सोन्यासाठी, आणि तो त्याच दिवशी तपासा, कारण आम्ल नसलेल्या पाण्यातलं शिसं हळूहळू बाटलीच्या भिंतीला चिकटतं. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जायला काही तास पसरट भांड्यात उघडं ठेवा.

सिद्धेश्वर तलाव किंवा संभाजी तलावासारख्या ठिकाणचं हिरवट पाणी उलट बाजूने फसवतं. शेवाळ आणि कुजलेल्या पाल्यातून आलेले सेंद्रिय पदार्थ कणांवर थर चढवतात आणि त्यांना गोळाच होऊ देत नाहीत. धातू असला तरी द्रावण लाल राहतं. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या एका भागात माहीत असलेलं शिसं मुद्दाम घालून पाहा. घातलेलं परत दिसलं नाही, तर त्या पाण्यात तुमची पद्धत आंधळी आहे असं समजा. हे रोजचं काम आहे, खास चाचणी नाही. त्याच नमुन्यात चढत्या मात्रेने शिसं घालून आलेख काढला, तर पाण्याचा स्वतःचा प्रभावही बराचसा हिशेबात येतो.

पूर्व भागातल्या किंवा एमआयडीसीतल्या डाय हाऊसचं, म्हणजे सूत-कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं, सांडपाणी तपासायची इच्छा अनेकांना होते, आणि ती रास्त आहे. घरातलं कोणीतरी टॉवेल-चादरीच्या धंद्यात असतं. पण या पाण्यापासून सुरुवात करू नका. रिअॅक्टिव्ह रंगाच्या बाथमध्ये लिटरला कित्येक ग्रॅम मीठ घालतात. ५० ग्रॅम म्हणजे जवळपास ०.९ मोलर. सोनं त्यात क्षणभरही टिकणार नाही. शिवाय सांडपाण्याला स्वतःचा रंग असतो, तो ५२० आणि ६५० दोन्हीकडे मिसळतो. असा नमुना आधी आम्लात पचवून, सामू आणून, विरळ करून मगच घेता येतो, आणि ते वर्षभर हात बसल्यावरचं काम आहे.

उरलेलं काय करायचं

बेसिनमध्ये काहीच ओतायचं नाही. सोन्याची एक बाटली, शिशाची दुसरी, दोन्हींवर नाव आणि तारीख. शिसं लागलेलं सोनं शिशाच्या बाटलीत जातं. नुसत्या सोन्याचा साठा वाया घालवू नका, त्यातलं सोनं परत मिळवता येतं. आम्लराज पूर्ण गार झाल्यावर भरपूर पाण्यात विरळ करून, सोड्याने उदासीन करून गाइडच्या सांगण्यानुसार टाका.

निष्कर्ष कोणाला सांगायचा याचाही विचार आधीच करून ठेवा. ज्यांच्या बोअरचं पाणी तुम्ही आणलं ते काका दुसऱ्या दिवशी विचारणारच, ‘काय निघालं रे पाण्यात?’ निळी नळी दाखवून ‘शिसं आहे’ म्हणू नका आणि लाल नळी दाखवून ‘बिनधास्त प्या’ही म्हणू नका. कठीणपणा तुम्ही अनुमापनाने मोजलेला असतो, तो आकडा खुशाल द्या. शिशाबद्दल शंका आली असेल तर आम्ल घालून ठेवलेली ती दुसरी बाटली अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन किंवा आयसीपी-एमएस ही धातू मोजणारी यंत्रं असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा आणि तिथला अहवाल येईपर्यंत काकांना एवढंच सांगा की तपासणी चालू आहे, अहवाल आला की आकड्यासकट आणून देतो.